‘प्रिव्ही’ म्हणजे आत कोण, बाहेर कोण?

कायद्याचं शिक्षण घेता घेता न्यायालयीन भाषांतर शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: “एकाच आठवड्यात मला ‘प्रिव्ही’ हा शब्द तीन ठिकाणी भेटला. प्रिव्ही कौन्सिलच्या निकालात, मग ‘प्रिव्हिटी ऑफ कॉन्ट्रॅक्ट’मध्ये, आणि मुंबईच्या एका जुन्या भाडेपट्ट्यात. भाडेपट्ट्यात तर त्याचा अर्थ चक्क संडास असा लागतो. हे तीन वेगळे शब्द आहेत का? एकच असेल, तर मराठीत कुठे काय लिहायचं?”

शब्द एकच आहे. दिवाणी दाव्यांतली कागदपत्रं इंग्रजीतून मराठीत आणण्याचं काम मी सत्तावीस वर्षं करतो आहे, आणि या शब्दाने मला पहिल्याच वर्षी धडा दिला, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

एका वाड्याचा भाडेपट्टा माझ्याकडे आला होता. 1930च्या दशकातला, टंकलिखित, कडा कुरतडलेल्या. त्यात एक वाक्य होतं की भाडेकरूला मागच्या अंगणातली ‘प्रिव्ही’ इतर भाडेकरूंबरोबर सामाईकपणे वापरता येईल. मी शब्दकोशात पाहिलं, पहिला अर्थ ‘खाजगी’ दिसला, आणि लिहून टाकलं, ‘मागील अंगणातील खाजगी जागेचा सामाईक वापर’. खाजगी आणि सामाईक एकाच दमात कसं येईल, हे तेव्हा खटकायला हवं होतं. समोरच्या वकिलांनी त्या ‘खाजगी जागे’वर अख्ख्या अंगणाचा युक्तिवाद उभा केला. शेवटी साक्षीला आलेल्या आजी पिंजऱ्यातून म्हणाल्या, “अहो साहेब, तिथं जागाबिगा काही नव्हती. संडास होता. पहाटे बादल्या घेऊन आम्ही बायका रांग लावायचो.” भाषांतर दुरुस्त करून द्यावं लागलं आणि त्या कुटुंबाच्या दोन तारखा वाया गेल्या. तेव्हापासून हा शब्द दिसला की मी आधी थांबतो.

मुळाशी लॅटिन ‘प्रिव्हुस’ आहे: एकेकटा, ज्याचा त्याचा. त्यावरून क्रियापद ‘प्रिव्हारे’, म्हणजे वेगळं काढणं, हिरावून घेणं. त्याचं धातुसाधित ‘प्रिव्हातुस’. रोममध्ये ज्याच्याकडे कुठलंही सार्वजनिक पद नाही तो प्रिव्हातुस. आज आपण ज्याला कौतुकाने ‘प्रायव्हेट’ म्हणतो, त्या शब्दाच्या पोटात असं काहीतरी उणं असणं दडलेलं आहे. ‘वंचित करणे’ या अर्थाचा इंग्रजी ‘डिप्राइव्ह’ याच घरातला. ‘प्रिव्हिलेज’ही याच घरातला. तो ‘प्रिव्हुस’ आणि ‘लेक्स’ म्हणजे कायदा यांचा जोडशब्द आहे, अर्थ एकाच माणसापुरता केलेला कायदा. विधानसभेतल्या हक्कभंगाच्या सूचनेत तोच ‘प्रिव्हिलेज’ येऊन बसला आहे.

‘प्रिव्ही’ मात्र लॅटिनमधून थेट आला नाही. फ्रेंच ‘प्रिव्हे’च्या वाटेने तो तेराव्या शतकाच्या आसपास इंग्रजीत शिरला, आणि या वळणावर त्याचा सूर बदलला. जुन्या फ्रेंचमध्ये प्रिव्हे म्हणजे जवळचा, घरोब्याचा, विश्वासातला माणूस. तोच शब्द आडोशाच्या जागेसाठी, शौचकूपासाठीही वापरात होता. म्हणजे राजाचा विश्वासू आणि घरामागचा संडास हे दोन्ही अर्थ इंग्रजीत जवळपास एकाच काळात उतरले. एक आधीचा आणि दुसरा त्याचा अपभ्रंश, असं काही नाही.

चौदाव्या शतकातल्या चॉसर या इंग्रजी कवीने हे दोन्ही अर्थ एका प्रसंगात गुंफले आहेत. त्याच्या व्यापाऱ्याच्या कथेत म्हाताऱ्या नवऱ्याच्या तरुण बायकोला तिच्या चाहत्याची चिठ्ठी मिळते. मोठ्या घरात बाईमाणसाला एकटं बसून वाचायला जागा कुठली? जिथे प्रत्येकाला जावंच लागतं तिथे ती जाते, चिठ्ठी वाचते, फाडून तुकडे करते आणि हळूच ‘प्रिव्ही’त टाकून देते. गुपित वाचायची जागा आणि गुपित पुरायची जागा एकच.

या सगळ्या अर्थांना बांधणारा धागा ‘गुप्त’ हा नाही. ही एक गोष्ट नीट लक्षात आली की बाकी सगळं सोपं जातं. ‘प्रिव्ही’ एक वर्तुळ आखतो आणि त्या वर्तुळात कोण आहे ते सांगतो. राजासोबत आत कोण, करारात आत कोण, माहितीत आत कोण. लपवाछपवी हा त्याचा परिणाम असू शकतो, अर्थ नव्हे. म्हणून भाषांतर करताना प्रश्न विचारायचा, वर्तुळ कुणाचं आहे?

राजाच्या वर्तुळापासून सुरुवात करू. इंग्लंडच्या राजाची थोरली मोहोर, ग्रेट सील, चान्सरीत, म्हणजे राजाच्या सरकारी लेखनाच्या कचेरीत असायची. प्रत्येक हुकुमासाठी तिथे जाणं गैरसोयीचं, म्हणून तेराव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन राजाच्या काळात राजाबरोबर फिरणारी धाकटी मोहोर दिसू लागते. ती प्रिव्ही सील. पण राजाची जवळची मोहोर म्हणजे राजाची खरी इच्छा, हे सरदारांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. 1311मध्ये दुसऱ्या एडवर्डवर त्यांनी जी कलमं लादली, त्यांत ही मोहोर सांभाळणारा माणूस नेमण्यात आमचाही शब्द हवा, अशी मागणी होती. मोहोरेची स्वतंत्र कचेरी झाली, कारकून आले, दस्तूर आले. आता ती राजाच्या हातातली राहिली नाही. मग राजांनी आणखी आतली, ‘सीक्रेट सील’ काढली आणि पुढे बोटाशी असणारी ‘सिग्नेट’. ती सिग्नेट ज्याच्याकडे, तो राजाचा सेक्रेटरी, म्हणजे शब्दशः गुपितं सांभाळणारा. आज त्याच सेक्रेटरीच्या हाताखाली अख्खी मंत्रालयं चालतात. 1884च्या कायद्याने प्रिव्ही सीलचा वापर थांबला, पण ‘लॉर्ड प्रिव्ही सील’ हे पद अजून आहे. जे आतलं म्हणून सुरू झालं ते कचेरी बनून बाहेर आलं आणि राजाला नवं ‘आत’ शोधावं लागलं, असं या शब्दाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा घडतं.

आणि राजाचं सगळ्यात आतलं ठिकाण कोणतं? सातव्या हेन्रीने पंधराव्या शतकाच्या शेवटी प्रिव्ही चेंबर वेगळं केलं, तिथे मोजक्याच सेवकांना प्रवेश. त्यांतला प्रमुख होता ‘ग्रूम ऑफ द स्टूल’. स्टूल म्हणजे राजाची शौचाची चौकी. आपल्याला हे काम हलकं वाटेल, पण त्या दरबारात याहून मोठा विश्वास नव्हता, कारण त्या वेळी राजाजवळ दुसरं कुणी नसे. आठव्या हेन्रीच्या काळात हे पद हेन्री नॉरिसकडे होतं. 1536मध्ये राणी ॲन बोलिनच्या प्रकरणात त्याचा शिरच्छेद झाला. शेवटी ते अँथनी डेनीकडे आलं. आठव्या हेन्रीच्या अखेरच्या वर्षांत राजाच्या सहीचा कोरडा, म्हणजे शाईविना दाबून उमटवायचा ठसा डेनी आणि त्याच्या माणसांच्या ताब्यात होता. राजाच्या मृत्युपत्रावरही हाताची सही नसून तो ठसा आहे. राजाचा खासगी पैसा, म्हणजे प्रिव्ही पर्स, हीदेखील याच पदाकडे. तुम्हाला वेगवेगळे वाटलेले ‘प्रिव्ही’चे अर्थ, शौच, पैसा आणि विश्वास, एकाच माणसाच्या हाती होते.

प्रिव्ही पर्स म्हटलं की आपल्याकडच्या वाचकाला संस्थानिक आठवतात. संविधानाच्या अनुच्छेद 291ने विलीन झालेल्या संस्थानांच्या राजांना करमुक्त रक्कम दिली. हैदराबाद, म्हैसूर, बडोदा, ग्वाल्हेर यांना वर्षाला लाखोंनी, तर सौराष्ट्रातल्या कटोडियाच्या ठाकुरांना वर्षाला 192 रुपये. 1970मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने राजांची मान्यता काढून घेतली गेली, माधवराव शिंद्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, आणि 1971च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे कायमचे संपले. मराठीत रूढ झालेला शब्द ‘तनखा’. तो इतका पक्का बसला आहे की मी बदलू नका म्हणेन. पण तनखा म्हणजे नेमणुकीची रक्कम, पगार. प्रिव्ही पर्समधला ‘राज्याच्या तिजोरीपासून वेगळी काढलेली थैली’ हा भाव त्यात येत नाही.

आणि हळहळ अशी की त्या भावासाठी आपल्याकडे नेमका शब्द आधीपासून होता. खासगी. अरबी ‘खास’वरून आलेला, दिवाण-इ-खास आणि दिवाण-इ-आम यांतला खास. मराठेशाहीत ‘दौलत’ म्हणजे राज्याचा कारभार आणि ‘खासगी’ म्हणजे घराण्याचा. होळकरांची खासगी प्रसिद्धच आहे. 1734मध्ये पेशव्यांकडून मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे जहागीर मिळाली, तिचं उत्पन्न दौलतीपासून वेगळं राहिलं, पुढे ते अहिल्याबाईंकडे आलं, आणि काशीपासून सोमनाथपर्यंतच्या देवळांना, घाटांना, धर्मशाळांना त्यातून पैसा गेला. प्रिव्ही पर्स या कल्पनेचं याहून चांगलं मराठी उदाहरण मला माहीत नाही. पुण्यातलं खासगीवाले हे आडनावही त्यातूनच आलं. पेशव्यांची खासगी सांभाळणारे ते खासगीवाले, आणि त्यांतल्या जिवाजीपंतांचं नाव पुण्याच्या पेठा वसवण्याशी जोडलेलं आहे. ‘कीपर ऑफ द प्रिव्ही पर्स’ हे पद इंग्लंडच्या राजवाड्यात आजही आहे. पेशवेकालीन कागद वाचणाऱ्याला ते समजवायचं असेल, तर ‘राजाचे खासगीवाले’ या दोन शब्दांत समजेल. (खासगी की खाजगी? दोन्ही चालतात. मी खासगी लिहितो, मूळ डोळ्यांसमोर राहतं म्हणून. त्या पहिल्या भाडेपट्ट्यात ‘खाजगी’ लिहिलं होतं, ते कोशातून उचललेलं.)

आता प्रिव्ही कौन्सिल. राजाच्या विश्वासातल्या सल्लागारांचं मंडळ. सभासद होताना जी शपथ घ्यावी लागते, तिच्यात कानावर पडलेलं गुप्त ठेवण्याचं वचन असतं. 1833च्या कायद्याने त्याची न्यायसमिती झाली आणि मुंबई, कलकत्ता, मद्रासकडची अपिलं तिच्यापुढे जाऊ लागली. जुने निकाल वाचताना एक गोष्ट तुम्हाला बुचकळ्यात टाकेल. तिथे ‘आम्ही निकाल देतो’ असं नसून ‘आम्ही महाराजांना नम्रपणे सल्ला देऊ’ असं शेवटी येतं, आणि भिन्नमत कधीच दिसत नाही. कारण कागदोपत्री हे न्यायालय नव्हतंच. आतल्या माणसांनी राजाच्या कानात सांगितलेला सल्ला होता, आणि सल्ला एकमुखी असायला हवा. भिन्नमत छापायची मुभा थेट 1966मध्ये मिळाली. तोवर आपला संबंध संपला होता. 1949च्या ऑक्टोबरात इथली अपिलं फेडरल कोर्टाकडे आली. त्यामुळे ‘हिज मॅजेस्टीला सल्ला’ हे वाक्य मराठीत ‘निकाल’ करून गुळगुळीत करू नका, जसं आहे तसं ठेवा.

मराठी घरांत प्रिव्ही कौन्सिल हा शब्द पोचला तो बहुधा टिळकांमुळे. 1908च्या राजद्रोहाच्या शिक्षेविरुद्ध तिथे अपिलाची परवानगी मिळाली नाही. ताईमहाराज प्रकरणात, दत्तकाच्या वादात, 1915मध्ये तिथेच टिळकांच्या बाजूने कौल लागला. पुढे दिनशा मुल्ला, मुकुंदराव जयकर हे मुंबईचे कायदेपंडित त्या समितीवर बसले. हे नाव भाषांतरित करू नये. ‘गुप्त परिषद’ असं एका जुन्या मसुद्यात मी पाहिलं आहे, ते सपशेल चूक.

तुमचा दुसरा प्रश्न प्रिव्हिटीचा. इथे वर्तुळ करार करणाऱ्यांचं. करार दोघांत झाला, तर त्यावर दावा त्या दोघांनीच लावायचा, तिसऱ्याच्या फायद्याचं कलम असलं तरी तिसरा बाहेर. 1861च्या ट्वेडल विरुद्ध ॲट्किन्सन या इंग्रजी खटल्यात नवरा-नवरीच्या वडिलांनी आपसांत ठरवलं की दोघांनी जावयाला, म्हणजे ट्वेडलला, ठरावीक रक्कम द्यायची. सासरा पैसे न देता वारला. ट्वेडलने दावा लावला आणि हरला. पैसे त्याच्यासाठी, पण करारात तो नाही. 1910मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे जवळपास असाच प्रसंग भारतातून आला: ख्वाजा मुहम्मद खान विरुद्ध हुसैनी बेगम. मुलगा-मुलगी लहान असताना दोघांच्या वडिलांत करार झाला, की सुनेला पानदानाच्या खर्चासाठी, म्हणजे हातखर्चासाठी, महिना 500 रुपये द्यायचे, आणि त्यासाठी सासऱ्याने मिळकत तारण लावून दिली. इथे सून जिंकली. ज्या समाजात अल्पवयीन मुलांची लग्नं आईबाप ठरवतात, तिथे इंग्रजी नियम जसाच्या तसा लावला तर घोर अन्याय होईल, असं समितीने म्हटलं. माझ्या मते या शब्दाच्या इतिहासातला हा सगळ्यात माणुसकीचा क्षण आहे. वर्तुळ कुणी आखलं आणि त्यातून कुणाला वगळलं, हे तिथे न्यायाधीशांनी विचारलं. इंग्लंडने आपला नियम 1999मध्ये कायदा करून सैल केला. आपल्याकडे मूळ नियम कायम आहे आणि अपवाद निकालांतून येतात. म्हणून ‘प्रिव्हिटी’ला ‘गोपनीयता’ लिहिलंत तर अर्थाचा अनर्थ होईल. मी ‘कराराचा पक्षसंबंध’ लिहितो. वकील मंडळी बोलताना ‘यांची प्रिव्हिटीच नाही’ म्हणतात, ते बोलण्यापुरतं ठीक.

तिसरं वर्तुळ माहितीचं. 1611च्या इंग्रजी बायबलात प्रेषितांच्या कृत्यांमध्ये हनन्याने जमीन विकून किमतीतला काही भाग मागे ठेवला, आणि त्याची बायकोही त्याला ‘प्रिव्ही’ होती, असं आहे. म्हणजे तिला ठाऊक होतं आणि ती त्यात सामील होती. म्हणून पुढे दोघंही सारखेच दोषी ठरतात. हाच अर्थ आपल्या 1963च्या सागरी विमा कायद्यात आहे: विमा घेणाऱ्याच्या ‘प्रिव्हिटी’ने जहाज समुद्रात जाण्यालायक नसताना पाठवलं, तर त्या कारणाने झालेल्या नुकसानीची जबाबदारी विमा कंपनीवर नाही. इथे ‘माहितीने व संमतीने’ असंच लिहावं. नुसतं ‘माहितीने’ अपुरं पडतं. इंग्रजी न्यायालयांनी जाणूनबुजून केलेली डोळेझाकही यात धरली आहे.

इथेच एका गोष्टीबद्दल कळकळीने सांगतो. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ‘राइट टु प्रायव्हसी’ मूलभूत ठरवला आणि दुसऱ्या दिवशी कित्येक मथळ्यांत ‘गोपनीयतेचा अधिकार’ आला. गोपनीयता हा शब्द मंत्र्यांच्या शपथेत आधीच कामाला लावलेला आहे. पद आणि गोपनीयतेची शपथ, म्हणजे सरकारी गुपित बाहेर न फोडण्याची. नागरिकाला जो हक्क मिळाला तो गुपितं ठेवण्याचा नाही. आपल्या घरात, आपल्या शरीराबाबत, आपल्या नात्यांत कुणाला आत घ्यायचं हे ठरवण्याचा तो हक्क आहे. ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही त्यालाही तो आहे. ‘गोपनीयता’ म्हटलं की लगेच समोरून प्रश्न येतो, लपवायचंय तरी काय? ‘खासगीपणाचा हक्क’ म्हणा, तो प्रश्नच उद्भवत नाही.

राहिला तुमचा भाडेपट्टा. 1888च्या मुंबई महापालिका कायद्यात ‘प्रिव्ही’ जागोजाग आहे, आणि ‘हाऊस-गल्ली’ची व्याख्या त्याच्याच आधाराने केली आहे: प्रिव्ही, मुतारी, सांडपाण्याचा खड्डा यांच्यापर्यंत पालिकेच्या कामगाराला पोचता यावं म्हणून ठेवलेली चिंचोळी वाट. गिरगावात, काळबादेवीला दोन इमारतींमधल्या त्या घरगल्ल्या अजून दिसतात. घरातल्यांसाठी प्रिव्ही म्हणजे आडोसा. पण ती रोज उपसणाऱ्या माणसाने घरात पाऊल न टाकता मागून यावं आणि मागूनच जावं, अशी ती बांधणी. जातीची भिंत विटांत उभी केलेली. या कामावर बंदी आणणारे कायदे 1993 आणि 2013मध्ये झाले, तरी गटारांत उतरणाऱ्यांचे जीव अजून जातात. त्यामुळे अशा दस्तऐवजात ‘प्रसाधनगृह’ हा आजचा शब्द घालू नका. त्याने ती वाटही पुसली जाते आणि त्या वाटेवरचा माणूसही. ‘शौचालय’ही त्या काळाला जरा धुतलेलं वाटतं. आपल्या बोलीत ‘परसाकडे जाणं’ आहे, तेही ‘प्रिव्ही’सारखंच क्रियेचं नाव टाळून जागेचं नाव घेणारं, पण ते दस्तऐवजात चालणार नाही.

याच कायद्यात ‘वॉटर-क्लोसेट’ प्रिव्हीपासून वेगळं धरलेलं आहे, हेही पाहा. तुमच्या पट्ट्यात दोन्ही शब्द असतील तर दोन्हींना एकच मराठी शब्द देऊ नका. नळ जोडलेलं ते ‘पाण्याचे शौचकूप’, आणि प्रिव्ही म्हणजे ‘संडास’. मी तुमच्या जागी असतो तर ते वाक्य असं लिहिलं असतं: ‘मागील अंगणातील संडास, व तेथे जाण्यायेण्याची घरगल्लीलगतची वाट, इतर भाडेकरूंसह सामाईकपणे वापरण्याचा हक्क.’ वाटेचा उल्लेख मुळात असेल तरच ठेवा, नसेल तर तो भाग काढा, आणि सही करण्याआधी जमलं तर त्या इमारतीत राहिलेल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारून घ्या की तो नेमका कुठे होता.